परिच्छेद सातचे अनुपालन

महोदय,
आपल्या परिच्छेद सातमध्ये नमूद आहे
की मोलगी–धुळे मुक्कामी गाडीत
एक हजार सत्त्याऐंशी दिवस
रोज एक अर्धं तिकीट फाडलं गेलं;
त्या प्रवाशाचं नाव, वय, सवलतीचा पुरावा
अभिलेखात आढळून येत नाही.

खरं आहे. आढळणार नाही.

प्रवासी थर्माकोलचा होता.
प्रकाशाला मासळी विकणाऱ्या
सुकलाल भोईनं दिलेला डबा,
तीनदा धुतला तरी तापीचा वास जाईना.
त्यात बर्फ, बर्फात नळ्या,
नळ्यांत सातपुड्यातल्या पोरांचं रक्त.
त्याच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात की नाही,
एवढंच धुळ्याला विचारायचं होतं.

आरोग्य खात्याची जीप होती. डिझेल नव्हतं.
डिझेल आलं तेव्हा चालक
निवडणुकीच्या कामाला होता.
नळ्या नऊ नऊ दिवस फळीवर.
आणि आमची गाडी रोज पहाटे साडेपाचला
अकरा माणसं घेऊन घाट उतरायची.
भारमान तेवीस टक्के.
ही फेरी बंद करा, असं वरून तीनदा आलेलं.

वाहक दगडू भामरे म्हणाला,
"ताई, डबाले तिकीट फाडू का?"

तीस वर्षांच्या नोकरीत
इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
पार्सल म्हणावं, तर पार्सलचा ठेका दुसऱ्याचा.
सामान म्हणावं, तर मालक सोबत हवा.
सरकारी टपाल म्हणावं, तर करार हवा;
करार म्हणजे मुंबईची सहा टेबलं,
आणि नाही म्हणायला एक पुरे.
नियमात जागा नव्हती.
गाडीत होती.

मी म्हटलं, हाफ फाड.
पाच ते बारा वयातलं पोर आहे समज.
खिडकीशी बसव.
नको, खिडकीशी ऊन लागेल. चालकाच्या मागे.

पैसे माझ्या पर्समधून गेले.
तिकिटं दगडूनं सुतळीत ओवून ठेवली होती,
तीच आपण आक्षेपासोबत जोडलीत.

विचारलं नाहीत, तरी सांगते.
शहादा आगारात केळीच्या वेफर्सचा गाळा
मीच काढला होता. सात महिन्यांत बसला.
तो तोटा परिच्छेद चारमध्ये आहे. मान्य.

आणि एक कुठल्याच परिच्छेदात नाही.
होळी सरली होती. चिमठाण्याच्या पुढे
गाडी बंद पडली. दोन तास.
बर्फाचं पाणी झालं, अडतीस नळ्या वाया.
अडतीस घरी पुन्हा सुई घेऊन जावं लागलं;
त्यातलं एक घर कुलूप घालून
गुजरातेत वीटभट्टीला गेलेलं.
त्या घरातल्या मुलीचं नाव मला पाठ आहे.
इथे लिहीत नाही.
फायलीत माणसं नीट राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी डबा पाठवावा की नाही,
मी रात्रभर ठरवत होते.
पहाटे दगडूचा फोन. "बर्फ जास्ती भरेल शे, ताई.
निघू का?"
त्याला कुणी लेखी दिलं नव्हतं.
त्यानं मागितलंही नाही.

येत्या तीस तारखेला मी निवृत्त होते.
खुर्चीवर येणाऱ्या साहेबांसाठी
डब्याबद्दल एक ओळ लिहून ठेवावी म्हटलं,
लिहिली, खोडली.
लिहिली असती तर त्यांना परवानगी द्यावी लागली असती.
काल सहज स्थानकावर गेले.
गाडी लागली, डबा उतरला,
दवाखान्याचा पोर सायकलवर बांधून निघूनही गेला.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
थोडं लागलं. मग बरं वाटलं.

आपण उरलेली अर्धी रक्कम,
रुपये एक लाख एकोणीस हजार पाचशे सत्तर,
माझ्याकडून वसूलपात्र ठरवली आहे.
हरकत नाही. धनादेश सोबत जोडला आहे.
पावतीवर फक्त एवढं करा,
प्रवाशाच्या रकान्यात आता
'प्रौढ' लिहा.

आपली,
पुष्पलता भंगाळे
विभाग नियंत्रक, धुळे